शून्य पत्त्यावरचा पहारा

डीबगरमध्ये आकडा दिसत होता ५३७००१९८४. दाब मोजणाऱ्या सेन्सरचं कॅलिब्रेशन एवढं असूच शकत नाही. बोर्ड मात्र मजेत चालू होता. एलईडी लुकलुकत होता, सिरीयल पोर्टवर एकामागून एक ओळी येत होत्या. त्या ओळींतला दाब तेवढा हास्यास्पद होता, आणि तोही नव्या जातीचा सेन्सर जोडला तरच.

हाच आकडा हेक्समध्ये पाहिला की उलगडा होतो: २००२००००. एसटीएम३२एफ४०७ या चिपवर मुख्य रॅम २००००००० पासून सुरू होते आणि १२८ केबीनंतर संपते. म्हणजे हे रॅमचं वरचं टोक. स्टॅक तिथून खाली वाढत येतो, आणि त्या टोकाचा पत्ता व्हेक्टर टेबलात अगदी पहिल्या जागी, पत्ता शून्यावर लिहिलेला असतो. कॅलिब्रेशन समजून कोडनं तोच उचलला होता. नव्या सेन्सरचा क्रमांक तक्त्यात नव्हता, शोधणाऱ्या फंक्शननं नल, म्हणजे शून्य पत्ता, परत दिला, आणि ज्यानं फंक्शन बोलावलं त्यानं तो न तपासता वापरला. स्ट्रक्टमधला पुढचा आकडा आला पत्ता ४ वरून, तिथे रिसेट हँडलरचा पत्ता असतो. तो कायम विषम, कारण कॉर्टेक्स-एमवर फंक्शनच्या पत्त्याचा शेवटचा बिट थंब मोडची खूण म्हणून १ असतो. ही जोडी एकदा डोळ्यांत बसली की पुढे कुठल्याही बोर्डावर लगेच ओळखू येते.

लिनक्सच्या मशीनवर हे इतकं लांबत नाही. तिथे प्रोग्रामच्या शून्य पत्त्याजवळ मेमरी जोडलेलीच नसते. हात लावला की सिग्नल ११, सेगफॉल्ट, कोअर डंप, आणि जीडीबीमध्ये बॅकट्रेस घेतला की ओळ समोर. छोट्या चिपवर पत्ता शून्य ही खरीखुरी, वाचता येणारी मेमरी आहे. वाचलं तर काहीतरी मिळतंच. मला विचाराल तर क्रॅश होणारा नल हा सज्जन नल.

म्हणून इथे पहारा आपणच बसवावा लागतो. कॉर्टेक्स-एम४ असलेल्या या चिपला एमपीयू, म्हणजे मेमरीवर पहारा ठेवणारा भाग, आहे. त्यात मेमरीचा पहिला १ केबी ‘कुणालाही प्रवेश नाही’ असा ठरवायचा आणि मेममॅनेज फॉल्ट चालू करायचा. बाकीचा नकाशा पूर्वीसारखाच राहावा यासाठी एक वेगळा बिट आहे. तो लावायचा राहिला तर एमपीयू चालू झाल्या झाल्या पुढची सूचनाच फॉल्ट देते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

पहारा बसवून बोर्ड पुन्हा चालू केला, सेन्सर जोडला, आणि बोर्ड जागच्या जागी थांबला. फॉल्ट येताना प्रोसेसर आठ रजिस्टर स्टॅकवर ठेवतो. त्यातलं सातवं पीसी, म्हणजे नेमकी कुठली सूचना चालू होती ते. हा पत्ता ॲड्रटूलाइन या साधनाला दिला की फाइल आणि ओळ मिळते. एमएमएफएआर या रजिस्टरमध्ये ज्या पत्त्याला हात लागला तो असतो. तो शून्यच असेल असं नाही. तिथे ८ दिसलं, तर स्ट्रक्टमध्ये आठव्या बाइटपासून सुरू होणारं फील्ड वाचलं जात होतं, हे कळतं. पहाऱ्याची मर्यादाही यातच आहे: स्ट्रक्ट मोठं असेल आणि फील्ड दोन हजाराव्या बाइटवर असेल, तर ते १ केबीच्या पलीकडून निसटतं.

सहकाऱ्याचं म्हणणं, प्रत्येक ठिकाणी नलची तपासणी घातली की झालं. घालावीच, पण कंपायलर ती काढून टाकू शकतो. लिनक्स कर्नल २.६.३०च्या टन ड्रायव्हरमध्ये आधी पॉइंटर वापरला होता आणि त्यानंतर तो नल आहे का ते पाहिलं होतं. सीच्या नियमांनुसार नल वापरणं बेकायदा. तेव्हा वापरला त्या अर्थी तो नल नाही, असं धरून जीसीसीनं तपासणीच गाळली. जुलै २००९मध्ये सुरक्षा संशोधक ब्रॅड स्पेंगलर यांनी याच फटीतून कर्नलचा ताबा घेऊन दाखवला. त्यानंतर कर्नल बांधताना अशा तपासण्या गाळू नयेत, असं जीसीसीला बजावणारा पर्याय द्यायला लागले. सोर्स वाचणाऱ्याला तपासणी दिसते, मशीन कोडमध्ये ती नसते. संशय आला तर डिसअसेम्ब्ली उघडून पाहण्याला पर्याय नाही.

टेस्टिंग संपलं की एमपीयूचा पहारा काढून माल पाठवतात, ते करू नका. एकदा लावल्यावर त्याचा वेगावर भार पडत नाही. फॉल्ट आला की पीसी आणि एमएमएफएआर फ्लॅशच्या राखीव सेक्टरमध्ये लिहा आणि मग बोर्ड रिसेट करा. दुरुस्तीला परत आलेल्या बोर्डातून एवढे दोन आकडे मिळाले तरी चुकीची ओळ सापडते.