आकडा मोठा, सुई बारीक

डोंबिवलीहून बोलतोय. मामाच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. बायोप्सीचा रिपोर्ट आला: 'नमुना अपुरा'. म्हणजे परत उपाशीपोटी सकाळची फास्ट लोकल, परत भूल. म्हटलं, आधी सुईच समजून घेऊ.

तोंडातून घातलेल्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते. स्क्रीनवर बघत जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून गाठीत सुई घालतात. सुया 19, 22, 25 गेजच्या. आकडा वाढला की सुई बारीक, उलटंच! 19 ची जाड, पण दुर्बीण वाकली की ती अडते.

खरा फरक टोकात आहे. एफएनए सुईने मुख्यतः सुट्या पेशी येतात. एफएनबीचं टोक मुकुटासारखं नाहीतर काट्यासारखं, ते तुकडा कापून आणतं. लॉगमधल्या चार सुट्या ओळी आणि सलग फाइल, इतका फरक. तुकड्यात पेशींची रचना दिसते, टोचावंही कमी वेळा लागतं. अर्थात पॅथॉलॉजिस्ट तिथेच स्लाइड बघत असेल, तर एफएनएही चांगलं काम देते.

पित्तनलिकेत बहुतेकदा आधी ईआरसीपीत ब्रश फिरवतात. तो कॅन्सर असूनही बऱ्याचदा हुकतो.

या वेळी आम्ही विचारलं, "डॉक्टर, एफएनए की एफएनबी? स्लाइड लगेच बघणार का?" 22 ची एफएनबी वापरली. रिपोर्ट गुरुवारी आहे.