लेक हॉस्टेलला गेली आणि प्रश्न घरी आले

मुलगी कॉलेजसाठी परगावी निघाली की आई बॅगेत काय काय भरते, हे तुम्हाला सांगायला नको. चिवडा, लाडू, औषधांची डबी, जास्तीची चादर. मीही भरलं. शिवाय आदल्या संध्याकाळी आमच्या घरी मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि सोबत फळं. एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन, हिब्रू प्रार्थना म्हणून सगळ्यांनी तो खाल्ला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शुभकार्याआधी मलिदा करणं ही आमची जुनी रीत.

गाडी सुटली आणि मनात एकच भीती उरली. बंगळुरूत आमची माणसं मोजकीच. तिथे हिला शुक्रवारची शब्बाथची वेळ कोण सांगणार? हॉस्टेलच्या खोलीत तर दिवा लावायलाही परवानगी नाही. चार वर्षांत ही सगळं विसरणार, असंच मी धरून चालले होते.

झालं उलटंच. दुसऱ्याच आठवड्यात फोन आला. "आई, रूममेट विचारते, तुझं आडनाव मराठी, भाषा मराठी, मग तू ज्यू कशी?"

मी तिला आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती गोष्ट सांगितली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे आपल्या लोकांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावं गावावरून पडली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर.

मग प्रश्नांची रांगच लागली. "आपण मटणाला नारळाचं दूध का घालतो?" हे सोपं होतं. मांस आणि जनावराचं दूध आपण एकत्र खात नाही. "आणि आजीच्या मलिद्याचं प्रमाण काय?"

इथे मी अडले. मी करते तो अंदाजाने, आणि आईची चव त्याला कधी आलीच नाही. ती मुठीने घालायची. मी शेजारी उभी असायची, पण कधी विचारलं नाही. आधी माझं कॉलेज, मग नोकरी, मग संसार. आता आईला माझं नावसुद्धा रोज आठवत नाही.

तरी मी तिच्यासमोर परात आणि पोहे ठेवले. तिने तीन मुठी पोहे घेतले, एक मूठ खोबरं टाकलं, आणि हात थांबवून विचारलं, "कोण निघालंय गं?"

मलिदा कशासाठी करतात, हे तिला आठवत होतं.

पेसाहच्या रात्री आमच्याकडे घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं आणि मोठी माणसं मिसरातून सुटकेची कथा सांगतात. त्या विधीचं मराठी भाषांतर असलेलं पुस्तक पुण्यात 1874 साली छापलं गेलं. लहानपणी ते प्रश्न मीही विचारले होते. पण घरातली आठवण कुणीतरी विचारल्याशिवाय पुढे जात नाही, हे मला लेक दूर गेल्यावर कळलं.

तुमच्या घरीही मुठीने मोजणारं कुणीतरी असेल. या आठवड्यात त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा. आईच्या मुठी मी वाटीने मोजून वहीत लिहिल्या आहेत. त्या पानाचा फोटो लेकीला पाठवला, तर लगेच उत्तर आलं, "आई, आणि गूळ किती?"

उद्या पुन्हा परात घेऊन बसणार आहे.