उंदरांची कुस्ती आणि आनंदाचा रेणू

उंदराची महिनाभराची पिल्लं खेळताना बघावीत. एक दबकत येतं, दुसऱ्याच्या मानेत नाक खुपसतं, ते गर्रकन उलटतं आणि क्षणात एक उताणं पडलेलं, तर दुसरं त्याच्या छातीवर पुढचे पाय रोवून उभं. डाव संपतो न संपतो तोच पुन्हा सुरू! ही झोंबाझोंबी नर पिल्लं माद्यांपेक्षा जास्त करतात. आणि या फरकाच्या मुळाशी आहेत गांजासारखंच काम करणारी, पण शरीराने स्वतःच बनवलेली रसायनं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना.

गांजाची नशा ज्याने चढते तो टीएचसी हा रेणू इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली वेगळा काढला. टीएचसी मेंदूतल्या एका कुलपात किल्लीसारखा बसतो. पण एका झाडाच्या किल्लीसाठी आपल्या मेंदूत कुलूप कशाला असेल? १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत उत्तर सापडलं. त्या कुलपाची किल्ली शरीर घरच्या घरी घडवतं. तिचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या 'आनंद' शब्दावरून.

आता पुन्हा त्या पिल्लांकडे येऊ. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या मार्गारेट मॅकार्थी यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं, की जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नर पिल्लाच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भागात आनंदामाइडसारखी ही घरची रसायनं मादीपेक्षा जास्त असतात. त्यांचा इशारा मिळाला की मायक्रोग्लिया नावाच्या पेशी तिथल्या नवजात पेशींना अक्षरशः गिळून टाकतात. त्या गिळल्या गेल्या, म्हणून पुढे नर जास्त कुस्ती खेळतो. मादी पिल्लांमध्ये हीच यंत्रणा मुद्दाम जागी केली, तर त्याही नरांसारख्याच भिडू लागतात. म्हणजे बाहेरचा गांजा येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या भाईबंदांनी नर आणि मादीचे मेंदू वेगवेगळे घडवलेले असतात.

यकृताचीही तीच तऱ्हा. वयात आलेल्या मादीचं यकृत टीएचसीपासून ११-हायड्रॉक्सी-टीएचसी नावाचा रेणू नरापेक्षा बराच जास्त तयार करतं, आणि त्यानेही नशा चढते. डोस सारखाच, पण मेंदूपर्यंत पोहोचणारा ऐवज निराळा. तरीही कित्येक वर्षं गांजाचे प्रयोग मुख्यतः नर उंदरांवरच होत राहिले. मादीचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र आकडे बिघडवेल ही धास्ती! माझ्या मते, जे तपासायला हवं होतं तेच अडचण म्हणून बाजूला ठेवलं गेलं.

इटलीतल्या इन्सुब्रिया विद्यापीठात तिझियाना रुबिनो, दानिएला पारोलारो आणि सहकाऱ्यांनी ते बाजूला ठेवलं नाही. त्यांचा २००८ चा प्रयोग असा. नर आणि मादी, दोघांनाही जन्मानंतरच्या ३५व्या दिवसापासून ४५व्या दिवसापर्यंत, म्हणजे ऐन किशोरवयात, वाढत्या मात्रेने टीएचसी दिलं. मग पूर्ण बंद. ७५व्या दिवशी उंदीर प्रौढ झाल्यावर चाचण्या घेतल्या. साखरपाण्याची गोडी दोघांचीही कमी झाली होती. फरक दिसला तो पाण्याच्या भांड्यात. तिथे सोडल्यावर नर धडपडत राहिले. माद्यांनी मात्र लवकर हातपाय गाळले आणि नुसत्या तरंगत राहिल्या. मेंदूतही गांजाची ती कुलपं नरांमध्ये अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस या भागांत कमी झाली होती, तर माद्यांमध्ये अमिग्डालाबरोबरच सुख आणि बक्षिसाची जाणीव सांभाळणाऱ्या भागांतही.

उंदरावरून थेट माणसावर उडी मारता येत नाही, हे खरंच. पण मला त्या तरंगणाऱ्या मादीचं चित्र डोळ्यांपुढून हलवता येत नाही. शेवटचा डोस मिळून तेव्हा महिना उलटला होता.