छातीवरचा विनोद

आमच्या लहानपणी, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे, १९९० च्या आसपासची, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी घरातला एखादा बटाटा हमखास नाहीसा होई. तो मधोमध कापायचा, त्याच्या सपाट अंगावर वडिलांच्या दाढीच्या ब्लेडने 'गाढव' ही तीन अक्षरे उलटी कोरायची, शाईत बुडवायचा आणि सदाशिव पेठेतल्या बोळात दबा धरून बसायचे. कोणी सद्गृहस्थ दिसले की पाठीवर थाप मारून पसार! घरी जाऊन सदरा काढीपर्यंत बिचाऱ्यांना आपल्या पदवीचा पत्ता नसे. कधी कधी घाईत अक्षरे सुलटी कोरली जात, मग ती सदऱ्यावर उलटी उमटत, आणि अशा वेळी गाढव कोण हा प्रश्न परस्पर सुटत असे.

आता काळ पालटला. दुसऱ्याच्या पाठीवर चोरून मारायचा शिक्का आजचा तरुण स्वतःच्या छातीवर, तोही पैसे मोजून, मारून घेतो. फर्ग्युसन रस्त्यावरून संध्याकाळी एक फेरी मारा. 'दुपारी १ ते ४ बंद' ही आपली जगप्रसिद्ध पाटी दुकानावर कमी आणि टी-शर्टांवर अधिक दिसेल. आळसाचा अभिमान, परीक्षेतल्या नापाशीचा अभिमान, शिव्यांच्या अलीकडे जेमतेम थांबलेली अर्धी वाक्ये. मी मराठीचा अध्यापक, तेव्हा डोळे आधी ऱ्हस्व-दीर्घाकडे जातात. अश्लीलतेपेक्षा अशुद्धलेखनाने मला अधिक त्रास होतो, हे मी येथेच कबूल करून टाकतो.

पण गेल्या पावसाळ्यात एका सदऱ्याने मला शुद्धलेखन विसरायला लावले.

दुसऱ्या वर्षाचा वर्ग. तिसऱ्या बाकावरचा एक विद्यार्थी, एरवी अगदी गरीब गाय, काळा टी-शर्ट घालून आला होता. त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत छापले होते : 'हुंडा घेत नाही. फक्त बुलेट चालेल.' मागच्या बाकांवर खसखस पिकली. खोटे कशाला सांगू, माझ्याही ओठांचे कोपरे हलले. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात तिने तोंड उघडलेले मला आठवत नव्हते. "सर, त्याला वर्गाबाहेर काढा."

मी काय केले म्हणता? मी घड्याळाकडे पाहिले. "ते तासानंतर पाहू," असे म्हणून फळ्याकडे वळलो. वीस वर्षांच्या नोकरीत अवघड प्रश्नाकडे पाठ फिरवण्याचे हे कौशल्य मी चांगलेच कमावले आहे.

प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेले. त्यांनी एक समिती नेमली आणि समितीने, समित्यांच्या रीतीप्रमाणे, काम एकाच्या गळ्यात घातले. "तुम्ही मराठीचे. कपड्यांवरील आक्षेपार्ह मजकुराला मनाई करणारे एक वाक्य लिहून द्या. एकच वाक्य!" मी घरी आलो, चहा घेतला, कागद पुढे ओढला आणि 'आक्षेपार्ह' या शब्दापाशी येऊन जो थांबलो, तो थांबलोच. आक्षेप कुणाचा?

अशी वाक्ये लिहिणारा मी पहिलाच नव्हे. २०२४ मध्ये चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने धर्म दर्शविणारा पोशाख नको, म्हणून हिजाब, टोपी, बिल्ला यांना मनाई केली. विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जूनमध्ये न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. लगेच पाठोपाठ टी-शर्ट आणि फाटक्या जीन्सवरही बंदी आली. नियमाला एकदा पाय फुटले की तो कुठे थांबत नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बिल्ला यांच्यापुरती त्या नियमाला स्थगिती दिली, आणि टिळा लावणाऱ्यांनाही मनाई करणार काय, असे विचारले. त्याच वर्षी मार्चमध्ये शासनाने शाळांतल्या शिक्षकांनाही जीन्स, टी-शर्ट आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे वर्ज्य केले होते. आमच्या हिने ती बातमी वाचून माझ्या चौकटीच्या बुशशर्टाकडे ज्या नजरेने पाहिले, तो मजकूर मात्र नक्कीच आक्षेपार्ह होता.

मग आला नोव्हेंबर २०२५ चा गाजलेला सदरा. विनोदकार कुणाल कामरा यांनी आपले एक छायाचित्र प्रसिद्ध केले. अंगात टी-शर्ट, त्यावर कुत्र्याचे चित्र आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची आठवण व्हावी अशी अक्षरे. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी पोलीस कारवाई करतील असे सांगितले. ज्यांच्या मनाला तो सदरा लागला, त्यांच्या घरी तीन-तीन पिढ्या शाखेत गेलेल्या आहेत, आणि असे कितीतरी सज्जन माझ्याही ओळखीचे आहेत. त्यांचे दुखणे मला लटके वाटत नाही. विनोद म्हणूनही मला तो सदरा बेतासबातच वाटला. कुत्र्याची उपमा ही आमच्या बटाट्यावरच्या गाढवाची सख्खी बहीण! पण ज्या संघटनेने त्याच वर्षी शंभरी पुरी केली, तिला एका सदऱ्यापासून जपण्यासाठी पोलीस लागावेत, हे मला पटेना. याच कामरांच्या एका विडंबनावरून मार्च २०२५ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड केली होती. गाण्याला उत्तर गाण्याने द्यावे. आपल्याकडे सवाल-जवाबाची केवढी परंपरा! खुर्च्या मोडणे हा जवाब कोणत्या फडात शिकवतात कोण जाणे.

कायदा काय म्हणतो म्हणून घटना काढली. एकोणिसाव्या अनुच्छेदाने आपल्याला बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि पुढच्याच पोटकलमात त्यावर वाजवी बंधने घालण्याची सोय आहे : सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, अब्रूनुकसानी वगैरे. त्या यादीत 'बेचव विनोद' कुठेही सापडत नाही. सापडता तर निम्मे मराठी विनोदी वाङ्मय आणि झाडून सगळी लग्नातली भाषणे बंद पडली असती.

आणि ही सभ्यता तरी एका जागी कुठे बसते? आपण हा दिवाळी अंक हातात धरून बसला आहात म्हणून सांगतो. १९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला पंचवीस रुपये दंड केला. सात वर्षांनी, १९६९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कथा अश्लील नाही असे ठरवून त्यांना सोडले. कथा तीच, अक्षरे तीच.

पण कथा मिटून ठेवता येते. समोरच्याची छाती कशी मिटायची? या शंकेचे उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यात सापडते. १९६८ साली पॉल कोहेन नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या व्हरांड्यातून एक जाकीट घालून गेला. व्हिएतनाम युद्धासाठी चाललेल्या सक्तीच्या सैन्यभरतीला त्यावर अशी शिवी हासडलेली होती, की ती या पानावर छापली तर संपादक मला पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. व्हरांड्यात बायका-मुले होती. कोहेनला तीस दिवसांची कैद झाली. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी. ज्यांना पाहवत नाही त्यांनी नजर फिरवावी, असा न्यायमूर्ती हार्लन यांच्या निकालपत्राचा रोख होता. एकाला जे गलिच्छ वाटते ते दुसऱ्याला काव्य वाटते, असेही त्यांनी म्हटले.

नजर फिरवावी! पुणेकराला हे सांगणे सोपे आहे, कारण आपल्या पाट्या वाचून नजर फिरवण्याचा त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. 'गेटासमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' ही पाटी उर्मट खरी. पण ती आपल्या गेटावर असते, आपल्या भिंतीला धरून असते. वाचायची नसेल तर दुसऱ्या बोळाने जावे. सदरा मात्र चालत येतो. बसमध्ये शेजारी बसतो, लग्नाच्या पंगतीत समोर बसतो, आणि तिसऱ्या बाकावरून फळ्याकडे पाहत राहतो. हुंडा मागणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. छातीवर छापून मागितला, तर तो नेमका कुणाकडे मागितला? वाटेत भेटेल त्या प्रत्येक मुलीच्या बापाकडे, नाही का?

हे सारे टिपण करून मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. तो विद्यार्थी तोच सदरा घालून आला होता. थोडा हट्ट असणार, थोडी मित्रांची फूस. मी म्हटले, "मी कुणालाही बाहेर काढणार नाही. पण काल जिने मला हाक मारली तिला काही बोलायचे असेल, तर हा तास तिचा."

ती उभी राहिली. भाषणबिषण काही केले नाही. "माझ्या ताईच्या लग्नात हुंडा घेतला नव्हता," ती म्हणाली, "बुलेटच घेतली होती. बाबांनी कर्ज काढलं. ताई दीड वर्षापूर्वी घरी परत आली, गाडी तिकडेच आहे. हप्ता अजून दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. अठरा राहिलेत." आणि ती बसली.

कोणी हसले नाही. त्या मुलाची मान खाली होती. थोड्या वेळाने "सर, पाणी पिऊन येऊ?" म्हणून तो बाहेर गेला आणि परत आला तेव्हा टी-शर्ट उलटा करून घातला होता. शिवणी बाहेर, मानेमागची चिठ्ठी लोंबते आहे, आणि पातळ कापडातून ती अक्षरे उलटी, अंधुक दिसत होती. मला आमचा बटाटा आठवला.

संध्याकाळी पुन्हा ते वाक्य लिहायला बसलो. पण दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. कामरांच्या सदऱ्याने दुखावलेल्यांच्या बाजूने मंत्रिमहोदय बोलले. बुलेटच्या सदऱ्यासाठी या मुलीच्या बाजूने कोण बोलले? मीसुद्धा पहिल्या दिवशी घड्याळच पाहिले. 'भावना दुखावणारा मजकूर' असा नियम मी लिहिला, तर उद्या तो घेऊन प्राचार्यांच्या दारात कोण उभे राहील? ज्यांच्या भावनांना आधीच फौजफाटा आहे, तेच. पहिल्या बाकावरची मुलगी तो नियम मागायला येणार नाही. तिला आपले नाव अर्जावर लिहायचीच चोरी. आणि समजा, पहिल्याच दिवशी मी त्या मुलाला बाहेर काढले असते, तर सदरा गेला असता आणि त्या अठरा हप्त्यांचा हिशेब वर्गाला कधीच कळला नसता.

मी समितीला लिहून दिले की, कपड्यांवरील मजकुराबद्दल नियम करू नये; ज्याला मजकूर खटकेल, त्याला वर्गात उभे राहून उत्तर देण्यासाठी पाच मिनिटे मिळावीत, आणि त्या वेळी शिक्षकाने घड्याळाकडे पाहू नये. प्राचार्यांनी ते दोनदा वाचले. "ही तर तीन वाक्ये झाली," ते म्हणाले, आणि कागद खणात ठेवला. अजून तो तिथेच आहे.

त्या मुलीने परवा सत्राची फी भरताना मला विचारले, "सर, दिवाळी अंकात तुम्ही हे लिहिलंत तर चालेल, फक्त नाव नको. आणि आता तेरा राहिलेत."