धान ठेवल्याने भाव येतो का?

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात हलके धान दिवाळीच्या आगेमागे निघते, भारी त्यानंतर. मळणी आटोपत नाही तोच घरोघरी एकच प्रश्न असतो : आत्ताच विकायचे की थांबायचे? त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘धीर धरा, भाव येईल’. या सल्ल्यातच पहिला गैरसमज आहे. धीर हवाच, पण तो पोती कोंडून ठेवण्यात नसतो. हिशेब मांडला की हे लगेच दिसते. कापणीनंतरच्या १०० किलो ओलसर धानात २० टक्के ओलावा धरा. ते १४ टक्क्यांपर्यंत वाळले की वजन उरते ९३ किलो. समजा व्यापारी ओल्या धानालाच क्विंटलमागे २,००० रुपये देत होता आणि घरातली गरज भागवायला तेवढीच रक्कम महिना दोन टक्क्यांनी उसनी घेतली. चार महिन्यांचे व्याज १६० रुपये झाले. आता २,१६० रुपये ९३ किलोंतून काढायचे, तर क्विंटलला २,३२२ रुपये भाव हवा. म्हणजे भाव सव्वातीनशेने चढला तरी पदरात एक रुपयाही जास्त पडत नाही. उंदीर, सोंडे आणि दुसऱ्यांदा दिलेली हमाली यात धरलेलीच नाही. आणि ज्या धानाला आधारभूत खरेदी केंद्रावरच जायचे आहे, त्याचा दर हंगामभर हलत नाही. २०२५-२६ साठी साधारण धानाला तो २,३६९ रुपये होता, पहिल्या दिवशीही आणि शेवटच्या दिवशीही.

याला अपवाद आहे आणि तो मान्य केला पाहिजे. बारीक तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो, म्हणून खाणारा त्याला जास्त पैसे मोजतो. तिथे थांबल्याने मालच सुधारतो. पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने कसे थांबायचे, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे आणि तिच्यात धानही येते. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, १८० दिवसांची मुदत आणि वर्षाला सहा टक्के व्याज. वरच्याच उदाहरणात १,५०० रुपयांवर चार महिन्यांचे व्याज तीस रुपये होते. महिना दोन टक्के आणि वर्षाला सहा टक्के यांतला फरक शेतकऱ्याच्या हातातला आहे, फक्त आपल्या बाजार समितीकडे गोदाम आहे का आणि योजना चालू आहे का, हे कापणीआधी विचारून ठेवावे लागते.

दुसरा गैरसमज असा की बातम्यांवर नजर ठेवली तर भावाचा अंदाज बांधता येतो. गेल्या काही वर्षांतल्या तारखाच पाहा. ८ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने कनकीच्या, म्हणजे तुकडा तांदळाच्या, निर्यातीवर बंदी घातली. २० जुलै २०२३ रोजी, म्हणजे ऐन रोवणीच्या दिवसांत, बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी खुली झाली. यातला एकही दिवस गोरेगावच्या अडत्याला किंवा मिलवाल्याला आधी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. राज्य सरकारचा धानाचा बोनसही कधी क्विंटलमागे, कधी हेक्टरमागे. अशा गोष्टींवर सारी विक्री टांगणे हा जुगार आहे, त्याला धीर म्हणू नये.

पण म्हणून ‘आपल्या हातात काहीच नाही’ असे म्हणणे हा याहून मोठा गैरसमज, आणि मला तोच जास्त घातक वाटतो. खरेदी केंद्राला १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, अपक्व व पोचट दाणे ३ टक्क्यांपर्यंत आणि हलक्या प्रतीची भेसळ ६ टक्क्यांपर्यंत. हे तिन्ही आकडे आपल्या बांधीत आणि खळ्यावर ठरतात. धान पिकून गेल्यावरही उभे राहिले, रात्री दव आणि दिवसा ऊन खात राहिले, की दाण्याला आतून तडे जातात. तापलेल्या डांबरी रस्त्यावर पातळ थरात वाळवले की तेच होते : दाणा बाहेरून झटकन सुकतो, आतून ओला राहतो आणि ताणाने तडकतो. तुसाच्या आत असल्याने ते दिसत नाही. दिसते ते मिलमध्ये, कनकीच्या ढिगात. मिलवाला मूठभर दाणे हातावर रगडून पाहतो आणि हा माल कोणत्या घरचा आहे हे लक्षात ठेवतो. पुढच्या वर्षीचा भाव त्या मुठीत अर्धा ठरलेला असतो. ताडपत्रीवर थोड्या जाड थरात, वरचेवर उलथत वाळवणे आणि पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवणे, एवढ्यालाच इथे धीर लागतो.

यावर कोणी विचारेल, केंद्रावर साधारण आणि ‘अ’ दर्जाच्या धानात फरक फक्त वीस रुपयांचा, मग बारीक वाणासाठी जीव का काढायचा? प्रश्न बरोबर आहे. जे धान केंद्रावरच जायचे, तिथे जास्त उतारा देणारे ठोकळ धान लावणे, ई-पीक पाहणी आणि नोंदणी वेळेत करणे, वाळवून मोकळे होणे हाच शहाणपणा. बारीक धान लावायचे ते खाणाऱ्या ग्राहकासाठी. आणि तो ग्राहक एका हंगामात जोडला जात नाही.

इथे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांची आठवण होते. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ वाणाच्या बांधीत त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या मोजक्या लोंब्या सापडल्या. त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांनी तो तांदूळ बाजारात गेला, तेव्हा त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळाले : एचएमटी. नाव झपाट्याने पसरले, पण पैसा दादाजींकडे फिरकला नाही. चांगला माल आपोआप आपले नाव करतो, या समजुतीला याहून कडू उत्तर नाही. भौगोलिक मानांकनाचेही तसेच आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये ते मिळाले, पण मानांकन दहा वर्षांसाठी असते, त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. न नोंदवलेल्या शेतकऱ्याला त्या कागदाचा उपयोग शून्य.

म्हणून गोरेगावच्या शेतकऱ्याने कोणत्या बांधीचे धान केंद्रावर जाईल आणि कोणत्या बांधीचे ग्राहकाकडे, हे रोवणीआधीच ठरवावे. ग्राहकाकडे जाणाऱ्या पोत्यावर वाण, कापणीची तारीख आणि आपले नाव लिहावे. ज्याने दहा किलो नेले त्याचे नाव वहीत उतरवावे आणि पुढच्या वर्षी त्याला तोच वाण, तसाच वाळवलेला, द्यावा. पाच वर्षे वाण बदलू नये. भाव दिल्लीत ठरो की गोंदियाच्या मिलमध्ये, ही वही मात्र शेतकऱ्याच्या घरची असते.