शिट्टी नराची, भोंगा मादीचा

मराठीने एका पक्ष्याला ‘सुगरण’ म्हटले आणि त्याच्या कामाचे श्रेय परस्पर बाईला देऊन टाकले. इतके सुबक घरटे विणणारी बाईच असणार, असा तो सरळ हिशेब. प्रत्यक्षात विणकाम नर करतो. मादी येते, घरटे पारखते आणि पसंत पडले तरच संसार थाटते. १९३० साली सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर चिकाटीने नजर ठेवली, तेव्हा एकच नर एकामागून एक घरटी बांधून एकाहून अधिक माद्यांशी जोडी जमवतो हेही उघड झाले. हा उलगडा डोळ्यांनी होऊ शकला, कारण विणीच्या हंगामात नर पिवळाधमक होतो आणि मादी चिमणीसारखी मातकटच राहते. त्याच किहीमच्या वाळूवर हिवाळ्यात उतरणाऱ्या कुरवांपुढे मात्र दुर्बीण हात टेकते. कुरव, सुरय, बूबी, शिअरवॉटर अशा बहुतेक समुद्रपक्ष्यांत नर-मादीची पिसे सारखीच असतात. फ्रिगेट पक्ष्यासारखे अपवाद आहेत, पण ते मोजकेच. मग हे पक्षी एकमेकांना ओळखतात कसे? त्यांतल्या निदान काही कुळांचे उत्तर आवाजात आहे. आणि आवाजातला हा फरक अंगाच्या आकाराबरोबर आपसूक आलेला नाही, तो ओळखीच्या गरजेतून घडला आहे, असे म्हणायला चांगला आधार आहे.

सुरुवात मात्र या म्हणण्याला अडचणीत आणणाऱ्या पक्ष्यापासूनच करायला हवी. रायगडच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बारमाही राहतो. काटेकोर अर्थाने हा शिकारी पक्षी, समुद्रपक्षी नव्हे. पण मासे आणि समुद्रसाप हे त्याचे अन्न, आणि किनाऱ्याजवळच्या उंच झाडावरचा काटक्यांचा अवाढव्य ढिगारा हे त्याचे घर. जोडी बसल्या जागेवरून एकत्र ओरडते आणि तो बदकासारखा, पण कितीतरी दणदणीत आवाज दूरवर जातो. लक्ष देऊन ऐकले तर त्या जुगलबंदीत दोन गळे वेगळे काढता येतात. नराचा सूर वरचा आणि लय जलद, मादीचा आवाज खालच्या पट्टीत. पिसे मात्र दोघांचीही तीच, राखी आणि पांढरी. इथे कोणीही म्हणेल की यात नवल कसले? या जातीत मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते. मोठ्या घंटेचा नाद खर्जातला, लहानीचा किणकिणता. आकार बदलला की सूर बदलणारच, त्यात ओळखीची योजना कशाला शोधायची? गरुडापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. त्याच्या आवाजातला फरक केवळ शरीराच्या मापाने समजावता येतो.

पण तोच नियम शिअरवॉटरला लावला की तो उलटा पडतो. खुल्या समुद्रावर लाटांना जवळजवळ शिवत उडणारे हे पक्षी. त्यांच्या काही जाती अरबी समुद्रातही फिरतात, पण किनाऱ्यावर सहसा येत नाहीत. भूमध्य समुद्रात आणि अटलांटिकच्या बेटांवर विणीसाठी येणाऱ्या मोठ्या शिअरवॉटरमध्ये नर मादीपेक्षा थोराड असतो, तरी त्याचाच आवाज उंच आणि स्वच्छ. लहानखुऱ्या मादीचा आवाज खालचा, घोगरा, घसा बसल्यासारखा. आकारच सूर ठरवत असता तर हे नेमके उलट व्हायला हवे होते. बूबीची गोष्ट आणखी ठळक आहे. मास्क्ड बूबी हा पांढराशुभ्र, काळ्या पंखकडांचा, चेहऱ्यावर काळा मुखवटा ओढल्यासारखा दिसणारा समुद्रपक्षी. मादी नरापेक्षा किंचित मोठी असते, पण नजरेने ते ठरवायचे तर दोघे शेजारी शेजारी उभे हवेत. तोंड उघडले की मात्र शंका उरत नाही. नर बारीक शिट्टी मारतो आणि मादी भोंगा वाजावा तशी ओरडते. एवढ्याशा आकारफरकातून शिट्टी आणि भोंगा एवढी दरी पडत नाही. पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाला तयार होत नाही. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते तिथल्या शब्दिनी नावाच्या अवयवात तो घडतो. बूबींच्या नर-मादीत या श्वासमार्गाची रचनाच वेगळी असते.

अशा वेगळेपणाचा उपयोग काय, हे शिअरवॉटरची वसाहत सांगते. हे पक्षी बिळात घरटे करतात आणि अंधार पडल्यावरच जमिनीवर उतरतात. जमिनीवर त्यांना धड चालता येत नाही, आणि दिवसाउजेडी उतरले तर मोठे कुरवच त्यांचा फडशा पाडतात. काळोखात, हजारोंच्या गलक्यात, बिळात बसलेल्या पक्ष्याला बाहेर कोण आले हे कळायचे ते कानांनीच. मायकल ब्रूक यांनी वेल्सजवळच्या स्कोकहोम बेटावरच्या मॅंक्स शिअरवॉटरच्या आवाजातला नर-मादीचा फरक आणि त्यावरून पटणारी ओळख यांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला. पुढे या कुळातल्या इतर जातींवरही ध्वनिमुद्रणे ऐकवून प्रयोग झाले. त्यांत बिळातले पक्षी परक्या आवाजांपैकी मुख्यतः आपल्याच लिंगाच्या आवाजाला चढ्या सुरात उत्तर देतात असे आढळले. नर नराला दरडावतो, मादी मादीला. समोर चेहरा नाही, रंग नाही, फक्त ध्वनिवर्धकातून आलेला आवाज. तरी बाहेरचा आगंतुक प्रतिस्पर्धी आहे की नाही हे त्यांना कळते.

यावर दुसरा, जास्त बारकाईचा आक्षेप असा. आपल्याला नर-मादी सारखे दिसतात म्हणून पक्ष्यांनाही ते तसेच दिसत असतील हे कशावरून? पक्ष्यांची नजर आपल्याहून समृद्ध असते आणि अनेकांना अतिनील प्रकाशही दिसतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, माणसाला नर-मादी सारखे वाटणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या बहुतेक जातींत पक्ष्यांच्या नजरेच्या हिशेबाने पिसांमध्ये फरक निघाला होता. आक्षेप वजनदार आहे, आणि ‘सारखे दिसतात’ असे लिहिताना ‘आपल्याला’ हा शब्द जोडायची सवय त्याने आम्हा लिहिणाऱ्यांना लावायला हवी. पण तो अभ्यास गाणाऱ्या पक्ष्यांचा होता, आणि काळोख्या बिळात अतिनील रंगही चालत नाही. शिवाय डोळे उत्तम चालतात तिथेही कान रिकामे बसत नाहीत. निळ्या पायांचा बूबी भर उन्हात पाय उचलून नाचतो, पायांचा रंग मिरवतो. त्याच्याही बाबतीत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की नर आणि मादी दोघेही आपल्या जोडीदाराला नुसत्या आवाजावरून ओळखतात. गंमत अशी की दोघे त्यासाठी आवाजातले वेगवेगळे गुण वापरतात. नर लक्ष देतो ते आवाजाच्या वेळेच्या मांडणीकडे, मादी स्वराच्या पोताकडे.

मात्र हे सगळे कुरवांवर लादू नये. मांडव्याच्या बोटीमागे गाठी-फरसाणाच्या आशेने घिरट्या घालणाऱ्या थव्याच्या ओरड्यात नर-मादीचा संवाद शोधणे व्यर्थ आहे. तो खाण्यावरचा तंटा असतो. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करतो आणि जोडी जमवण्याचे बोलणे तिकडेच उरकून येतो. कुरव आणि सुरय यांच्यात आवाजावरून व्यक्ती ओळखली जाते, जोडीदार आणि पिल्लेही. पण नर कोण, मादी कोण हे आपल्या कानाला सांगेल असा सरळ फरक तिथे सहज सापडत नाही. सुरय नर लग्नाची मागणी घालायला चोचीत मासा घेऊन येतो, म्हणजे तिथे वागणुकीनेच काम भागते. प्रत्येक कुळाने आपापल्या अडचणीप्रमाणे तोड काढली आहे. जिथे अंधार, गर्दी किंवा दीर्घ विरहानंतरची भेट आहे तिथे आवाजावरचा भार वाढलेला दिसतो.

रायगडकरांना याचा पडताळा पाहायचा तर तो पावसाळ्यात. जून ते ऑगस्टच्या वादळी वाऱ्यांत खोल समुद्रातले पक्षी थकून कोकणच्या किनाऱ्यावर फेकले जातात आणि त्यांत मास्क्ड बूबीही असतो. असा पक्षी दिसला तर त्याला पुन्हा लाटांत ढकलू नका. तो वाहत आलेला मासा नव्हे, दमलेला पक्षी आहे. कुत्र्यांपासून आडोसा द्या, चोचीपासून हात लांब ठेवा आणि वनविभागाला कळवा. तो नर की मादी हे पक्के ठरवायचे तर प्रयोगशाळेत पिसाच्या मुळातून किंवा रक्ताच्या थेंबातून गुणसूत्रे तपासावी लागतात. पक्ष्यांत लिंग ठरवणारी दोन वेगळी गुणसूत्रे मादीकडे असतात, नराकडे नव्हे. त्याआधी कानांनी अंदाज बांधता येईल, पण अर्धाच. शिट्टी ऐकू आली तर तो नर हे निश्चित. भोंगा ऐकू आला तर मात्र मादी म्हणण्याची घाई नको, कारण वयात न आलेला बूबीचा नरही मादीसारखाच ओरडतो. शिट्टी त्याला मोठेपणी फुटते.