बाहुला तोच, भीती कोठे?

गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग काढणे वरवर सोपे वाटले, तरी ते जोखमीचे काम आहे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. त्याचा दुसरा भाग २० वर्षांनी, २०१३ मध्ये, त्रिमिती तंत्राने अवतरला. मराठी निर्मात्याने असे धाडस करावे, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु हा भाग पहिल्याच्या तोलाचा उतरला काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते.

मूळ कल्पना सर्वस्वी स्वतंत्र नव्हती. गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो, हे १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटात येऊन गेले होते. तरीही तात्या विंचू मराठी झाला, तो रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांच्या कलेमुळे, दिलीप प्रभावळकरांच्या आवाजामुळे आणि मुख्यतः लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यामुळे. लक्ष्या घाबरे, म्हणून प्रेक्षक घाबरे. आणि त्याच्या घाबरण्यानेच त्याला हसूही येई.

सदाशिव पेठेतील रसिकाला हे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथील भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या एकांकिका पाहताना तो मोजक्या साहित्यातून उभे राहिलेले जग खरे मानतो. नटाचा विश्वास असला की प्रेक्षकाचाही बसतो. बेर्डे २००४ साली निवर्तले. दुसऱ्या भागात लक्ष्याचा मुलगा आला, बाहुला पडद्याबाहेर झेपावू लागला. पण पडद्याला खोली आली, तेवढी कथेला आली नाही. तात्या विंचूची मनुष्यदेहाची हाव तीच राहिली.

दुसरा भाग नेहमीच दुबळा असतो, असे मात्र नव्हे. १९३३ च्या ‘किंग काँग’चा पुढचा भाग त्याच वर्षी घाईने काढला गेला आणि विसरला गेला. उलट ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ने १९३५ मध्ये राक्षसाला वाचा दिली, सोबतीची ओढ दिली; म्हणून अनेक जाणकार तो मूळ चित्रपटाहून सरस मानतात. राक्षस मोठा करून भागत नाही. त्याच्यासंबंधी नवा प्रश्न विचारावा लागतो.

तात्या विंचूला पुन्हा जागे करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे. लहानपणी त्याला भ्यालेली पिढी आज आपल्या मुलांचा हात धरून चित्रपटगृहात येते. तिला केवळ आठवणींवर परत पाठवणे, हा मुलांवर अन्याय होईल.